दोन बाटल्यांची तयारी

"निघालं! विष निघालं!"

दालनातली चाळीसएक माणसं खुर्च्यांवरून उठून पुढे सरकली. सुया टोचून आजार घालवणाऱ्या सुईसिद्धांनी एका बाईच्या दंडातून उपसलेली चांदीची सुई दिव्याखाली धरली होती. मघाशी लखलखणारी सुई आता टोकाकडून काळीकुट्ट पडली होती. बाईला रडूच फुटलं.

"चौदा वर्षांचा संधिवात, मंडळी! गोळ्या खाऊन खाऊन नसा तुंबवल्या. सुईला जीभ नाही, म्हणून ती खोटं बोलत नाही!" सुईसिद्धांनी सुई चहूकडे फिरवली. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतल्या ताईनं टाळी वाजवली नाही. तिची नजर शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या अंगठ्यावर होती. तो मधूनच आपोआप उडत होता.

भावाला सगळे अजून ड्रायव्हरच म्हणत, पण तीन वर्षांपूर्वी फिट्स सुरू झाल्या आणि त्याच्या हातचं स्टिअरिंग गेलं. डेपोत तो टायरांची नोंद ठेवायचा आणि निघणाऱ्या बसकडे पाहत राहायचा. गोळ्यांमुळे दीड वर्ष फिट आली नव्हती. मग कुणीतरी त्याला इथे आणलं. पहिल्या तीन भेटींत सुया काळ्या निघाल्या. आजची भेट शेवटची. आज सुई उजळ राहिली की तो बरा झाला, आणि सोमवारपासून शाळेची व्हॅन त्याच्या ताब्यात. व्हॅनचा मालक सुईसिद्धांचा भक्तच होता. त्याला दुसरा कुठलाच दाखला नको होता.

भेटीच्या तयारीचा कागद सुईसिद्धांनी हातात दिला होता: दहा दिवस गोळ्या बंद, उपाशीपोटी यायचं आणि सकाळी दोन्ही मनगटांना बाटलीतलं पाणी चोळायचं. पहिल्या तीन भेटींना तपकिरी बाटली होती, शेवटच्या भेटीला हिरवी.

गोळ्या बंद आहेत हे ताईला आज सकाळीच कळलं. हादरून तिनं उरलेली तपकिरी बाटली उघडली. वर कापराचा भपकारा, पण खाली सडक्या अंड्याचा वास. हा वास तिच्या नाकात वीस वर्षं मुरलेला. ती चांदीच्या कारखान्यात कामाला होती. नव्या दागिन्यांना जुनाट काळसर रंग आणायला तिथे ते गंधकाच्या द्रावणात बुडवत. तिनं चांदीच्या तारेचा तुकडा बाटलीत टाकला. दहा आकडे मोजेपर्यंत तार काळी! हिरव्या बाटलीत टाकलेली तार जशीच्या तशी राहिली.

"तुझ्या तारेतच खोट असेल," भाऊ म्हणाला आणि त्यानं पाण्याचा पेला उचलला. पेला ओठांपाशी थांबला. डोळे उघडे, नजर कोरी. ताई श्वास रोखून मोजत राहिली. सात सेकंद. मग तो घोट घेऊन म्हणाला, "हं, काय म्हणत होतो मी?"

"अरे, आत्ता तू इथे नव्हतास! आधी गोळी घे."

"ताई, पाया पडतो. सोमवारी पोरं बसणार आहेत माझ्या गाडीत. आज मोडता घालू नकोस."

"पोरं बसणार आहेत म्हणूनच सांगतेय." तिनं आवाज खाली आणला. "गोळी घे आणि एकच कर. डाव्या मनगटाला जुनी बाटली चोळ, उजव्याला नवी. माणूस एक, रक्त एक. दोन्ही सुया उजळ निघाल्या तर मी जन्मात तोंड उघडणार नाही."

त्यानं दोन्ही बाटल्या आळीपाळीनं हुंगल्या. मग त्यानं गोळी गिळली आणि डावी बाही वर केली.

आता त्याचं नाव पुकारलं गेलं. ताई पाठोपाठ टेबलाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही मनगटांत सुया टोचल्या गेल्या. वीस मिनिटं थांबायचं होतं. भावाच्या कपाळावर घाम साचला. ताईनं त्याच्या अंगठ्यावरची नजर हलवली नाही.

सुईसिद्धांनी आधी उजवी सुई काढली. लखलखीत! "बघा मंडळी, निर्मळ देह!" टाळ्या सुरू असतानाच त्यांनी डावी उपसली.

काळी.

टाळ्या तुटक होत थांबल्या. सुईसिद्धांनी घसा खाकरला. "असं आहे... उरलंसुरलं विष कधीकधी डावीकडे आश्रयाला जातं."

"आणि टेबलातही विष असतं का?" ताईनं विचारलं. पिशवीतून आणलेल्या तपकिरी बाटलीचं झाकण काढून तिनं टेबलाच्या कडेवर चार थेंब सांडले आणि उजळ सुई त्यात आडवी ठेवली. माणसं वाकून पाहू लागली. सुई आधी पिवळट झाली, मग तपकिरी, मग काळी.

"टेबलाला कुठला आजार आहे, सुईसिद्ध?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुईसिद्धांनी बाटलीकडे हात टाकला, पण मघाच्या संधिवाताच्या बाईनं ती आधीच उचलली होती. ती आपला दंड हुंगत होती. "माझ्याही बाटलीला हाच वास होता की," ती म्हणाली.

"गंधक आहे त्यात," ताई म्हणाली. "चांदी त्यानं काळी पडते. चोळलं की सुई काळी, नाही चोळलं की उजळ. रोगाचा काही संबंध नाही."

भाऊ खुर्चीतच होता. "म्हणजे मी बरा झालेलो नाही," तो हळूच म्हणाला.

"गोळ्यांनी तुझ्या फिट्स थांबल्या होत्या. पुन्हा थांबतील."

त्याचे डोळे भरून आले. पण त्यानं खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर व्हॅनच्या मालकाला लावला. "मला फिट्स येतात. सोमवारी मी येणार नाही. दुसरा ड्रायव्हर बघा." फोन ठेवून तो शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळला. "आजोबा, तुमचं कुठलं औषध बंद करायला लावलंय?"

"हृदयाचं," म्हातारा पुटपुटला.

"उठा. आधी तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ."

सुया टोचण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस कुणाला परस्पर गोळ्या फेकायला लावत नाही. चमत्कार बघताना टाळी वाजवायला हात शिवशिवतात, हे खरं. पण टाळीआधी बाटली हुंगावी, प्रश्न विचारावा. उत्तर द्यायच्या जागी जो बाटलीवर झडप घालतो, त्याच्या हातात आपलं मनगट देऊ नये.