ह्यात राम न्हाई

रेणापूर ते लातूर, एसटीच्या अख्ख्या प्रवासात सिद्धम्मानं कम्प्युटरचा डबा मांडीवरून हलू दिला नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला खाली ठेवा, तर त्याच्यावरच डोळे वटारले. ठेवील कशी? तिचे मालक मन्मथअप्पा, गावचे फोटोग्राफर, गेल्या साली गेले. शंभर लग्नांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा भिंतीवर फोटो कुठला, तर आधार कार्डावरून मोठा केलेला. चोर धरून आणल्यासारखा! जाण्याच्या चार दिवस आधी मात्र सिद्धम्मानं स्वतः कॅमेरा धरून त्यांचा एक फोटो काढला होता. "कम्प्युटरात टाकलाय, निवांत दाखवतो," म्हणाले होते. ते राहूनच गेलं. अन् आता हा डबा चालू केला की नुसता टीं टीं ओरडायचा.

लातुरात दुकानवाल्या रुद्रेशनं डबा उघडला, आतली धूळ फुंकली अन् मान हलवली.

"मावशी, ह्याच्यात रॅम न्हाई आता."

सिद्धम्मानं ऐकलं 'राम'. राम न्हाई, म्हणजे कामातूनच गेला की!

"लेकरा, आम्ही महादेवाची माणसं. राम असू दे का नसू दे, माझ्या मालकाचा फोटो निघंल का न्हाई, तेवढं सांग."

"राम न्हाई हो, रॅम! मेमरी. मेमरी गेलीय."

हे तर आणखीनच वाईट. मेमरी भरली की मोबाईलात फोटो बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे मेमरीच गेली तर फोटोही गेला. तिनं तिथंच डोळ्याला पदर लावला.

रुद्रेश गडबडला. "रडता कशाला? हार्ड चांगली हाय."

हार्ट? आता ह्याला काय म्हणावं! मालकाचं हार्ट बंद पडलं, अन् ह्या पत्र्याच्या डब्याचं चांगलं! सिद्धम्माचं डोकं पार भंजाळलं. हा पोरगा दुरुस्ती करतोय का दवाखाना चालवतोय?

"दहा मिनिटांत नवी मेमरी टाकतो," रुद्रेश म्हणाला.

"खबरदार!" तिनं डब्याला मिठीच मारली. "आमची आठवण काढून दुसऱ्या कुणाची घालतोस व्हय? न्हाई दुरुस्त करायचा. आण हिकडं."

रुद्रेशनं कपाळावर हात मारला. मग स्टूल ओढून समोर बसला. "मावशी, भाकरी कशात मळता?"

"काठवटीत. का रं?"

"अन् पीठ कशात ठेवता?"

"पीठ डब्यात."

"काठवट फुटली तर डब्यातलं पीठ जातं का?"

"पीठ कशाला जाईल?"

"मग! रॅम म्हंजे काठवट. ती फुटलीय. हार्ड म्हंजे पिठाचा डबा. फोटो त्याच्यात हाय."

सिद्धम्मानं मिठी थोडी सैल केली. पटलं का? अर्धं पटलं. "पिठाला हात लावू नको बरं," असं बजावून तिनं डबा सोडला.

रुद्रेशनं बोटाएवढी हिरवी पट्टी बसवली. डबा या वेळी ओरडला नाही. फोटो उघडला, अन् दोघंही पुढं वाकले. पडद्यावर पांढरा सदरा, गळ्यातलं इष्टलिंग, वर उचललेला एक हात. हनुवटीच्या वर काहीच नव्हतं.

"मावशी," रुद्रेश हळूच म्हणाला, "तोंडच न्हाई आलं."

सिद्धम्मा बघतच राहिली. तो हात तिला सांगत होता, कॅमेरा वर घे, येडे, आणखी वर घे. तिला तेव्हा वाटलं होतं, मालक हात दाखवून हसताहेत.

"हे ह्यांनी बघितलं असंल का रं?"

"कम्प्युटरात टाकताना बघितलंच की. नावसुद्धा दिलंय फोटोला." रुद्रेशनं वाचून दाखवलं, "'सिद्धम्मानं काढलेला.'"

"तरी पुसून न्हाई टाकला," ती म्हणाली, अन् तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मोठा करून दे लेकरा. आधारवाला काढून हाच लावते."