शब्द मागे घेतला, प्रश्न तसाच

मी माईक बोलतोय. लंडनच्या संसदेत, हिरव्या बाकांच्या वर तारेनं टांगलेला. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं पोहोचवलं. कालपासून मात्र मला चैन नाही.

कारखान्यात मला तपासणारी बाई म्हणाली होती, "जा बाबा, गाण्याबिण्याच्या ठिकाणी लाग." नशिबी आलं हे! सभापती ज्याचं नाव पुकारतील, त्याच्या डोक्यावरचा माईक सुरू, बाकीचे बंद. बंद असलो तरी मला सगळं ऐकू येतं. धोरणावर कुणी बोलू लागलं की बाकं रिकामी होतात, आणि चिखलफेक सुरू झाली की बसायला जागा मिळत नाही.

माझ्याखाली मॉरीन टिंडल बसतात, समुद्रकाठच्या स्केलथॉर्पच्या खासदार. त्यांच्या गावचं प्रसूतिगृह बंद होणार आहे. दुसरं चाळीस मैलांवर. बोलायची संधी मिळावी म्हणून बाई प्रत्येक प्रश्नाला उठून उभ्या राहायच्या, सभापतींची नजर गेली नाही की बसायच्या. शेजारी चिडवायचा, "मॉरीन, गुडघे झिजतील हं!"

काल अखेर नाव आलं. मी सुरू झालो.

"प्रसूतिगृह वाचवणार का? हो की नाही?"

मंत्री पियर्स लँगफर्ड उठले. "सभापती महोदय, माननीय सदस्या बाळंतपणावर बोलणारच. त्या स्वतःच दर निवडणुकीला नव्या पक्षात जन्म घेतात! बाकी, त्या गावातून आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही."

बाकं हसून लोटपोट झाली. तक्रारींचे गठ्ठे बाईंनी स्वतः नेऊन दिले होते. त्यांचा तोल गेला. "खोटारडा!"

झालं! इथं माणसाची खिल्ली उडवलेली चालते, खोटारडा म्हटलेलं चालत नाही. सभापती कडाडले, "माननीय सदस्यांनी शब्द मागे घ्यावा, नाहीतर बाहेर जावं."

बाहेर गेल्या तर प्रश्नही गेला. बाई ओठ चावत म्हणाल्या, "घेते मागे."

"आभारी आहे," म्हणून सभापतींनी पुढचं नाव पुकारलं. मी बंद. उत्तर कुणीच मागितलं नाही. मला असा संताप आला की तार तुटून मंत्र्यांच्या डोक्यात पडावंसं वाटलं.

बाई बसता बसता पुटपुटल्या, "अहो, पण पोटुशा बायकांनी जायचं कुठं?"

शेजारी म्हणाला, "सोड गं. पण टोला झकास होता हं त्याचा!"

आज पेपरात तो टोला आहे, तो शब्दही आहे. बाईंचा प्रश्न नाही, म्हणून तुमच्या कानावर घालतोय. असा विनोद ऐकलात तर खुशाल हसा. पण हसून झालं की उत्तर मागा. लवकर मागा. स्केलथॉर्पच्या बायकांचे दिवस भरत आलेत.