व्याह्यांची कॉफी

थोरल्या नातवाचं, श्यामचं लग्न झालं, त्या साली किसनराव कॉफीच्या भावाच्या मागे लागले. सारी हयात त्यांनी अकोल्यात भाजी विकली होती. कॉफी ही आजाऱ्याला द्यायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

लग्नाला नात आकांक्षा बंगळुरूहून आली. तिकडे नोकरीला लागल्यापासून तिचा चहा सुटला होता. तिला कॉफी लागायची, आणि तीही भाजलेले दाणे घरी दळून. हाताने फिरवायची छोटी चक्की ती पिशवीत घेऊनच हिंडे. लग्न आटोपल्यावर दोन दिवस आईच्या माहेरी, अमरावतीला म्हणून गेली, ती सुट्टी संपेपर्यंत तिकडेच राहिली. अकोल्याला जठारपेठेतल्या घरी तिचा फोन आला, "आबा, आजोबांनी माझ्यासाठी चिखलदऱ्याच्या कॉफीचे दाणे आणून ठेवलेत. घरभर वास सुटलाय."

किसनरावांनी ताट अर्ध्यावर सरकवलं.

"काहून जळून राहिले?" त्यांची बायको मैनाबाई म्हणाल्या. "तो बी तिचा आजाच हाये."

"मी कायले जळू? भूक नाही मले."

आकांक्षाला गाडीत बसवून द्यायला तिचे आजोबा, म्हणजे किसनरावांचे व्याही सूर्यभानजी, स्वतः अकोल्यापर्यंत आले. ते निवृत्त मास्तर. चहा घेता घेता सहज बोलल्यासारखे म्हणाले, "नऊशे रुपये किलोनं घेतले, इवाईबुवा. बाकीचे बाराशेच्या खाली बोलत नाहीत. भाव करता आला पाह्यजे फक्त."

किसनरावांनी मान हलवली. ज्याच्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करताना बाया थकल्या, त्याला मास्तरानं भाव शिकवावा. आणि समोर आकांक्षा आजोबांच्या खांद्याला टेकून बसलेली. दिवाळीला पोरगी आली की अमरावतीचं नाव काढणार नाही, असे दाणे आणि असा भाव आपण शोधायचा, हे त्यांनी त्याच बैठकीत ठरवलं.

अकोल्यातली दुकानं पालथी घातली. कुणी पुडीच काढून दाखवी, कुणी म्हणे, "काका, दळलेली घ्या ना, दाण्याले काय करता?" श्यामनं फोनवर भाव बघून दिले, ते मास्तरांच्या वरचे निघाले. शेवटी दसरा झाल्यावर किसनराव परतवाड्याच्या बसमध्ये बसले. चिखलदऱ्याचा माल डोंगरावरून खाली तिथंच उतरत असणार, हा त्यांचा हिशोब, आणि तो चुकला नाही. एका किराणा दुकानात कोपऱ्यात पोतं होतं. दाणे फिकट हिरवे, टणक.

"हिरवे काहून?"

"ताजे हायेत, बाबाजी."

भाजीवाल्याला हिरवं म्हणजे ताजं, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. वाळकं, काळं पडलेलं मास्तराच्या गळ्यात मारलं असणार. दोनदा दुकानातून उठून, दोनदा परत बोलावून घेऊन, त्यांनी चारशे रुपये किलोवर सौदा पक्का केला. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दिवाळीला आकांक्षानं पिशवी उघडली आणि एक दाणा दाताखाली धरून पाहिला. मग म्हणाली, "आबा, हे कच्चे आहेत. भाजावे लागतात."

"मंग भाजू. त्याच्यात काय?"

तडक ते फुटाणेवाल्याच्या भट्टीवर गेले. फुटाणेवाल्यानं तापलेल्या, वर्षानुवर्षं हळद-मिठाचे हरभरे खाल्लेल्या वाळूत दाणे टाकले आणि झारा फिरवला. काही दाणे कोळसा झाले, काही पिवळेच राहिले. आपल्या छोट्या चक्कीत दळून आकांक्षानं कॉफी केली. किसनराव समोर पाटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"छान आहे आबा," ती म्हणाली आणि कप रिकामा केला.

पन्नास वर्षं गिऱ्हाइकाचा चेहरा वाचलेला माणूस तो. माल न आवडलेलं भलं गिऱ्हाईक असंच बोलतं आणि पुन्हा दुकानाकडे फिरकत नाही. सूर्यभानजींशी ही पोरगी भांडते, पांचट झाली म्हणून कप परत करते, हे त्यांनी फोनवर ऐकलं होतं. आपल्याशी मात्र ती पाहुण्यासारखी वागते. कॉफीपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं.

"खरं सांग."

"खारट आहे. फुटाण्यासारखी लागते." तिला हसू आवरेना. "वाळू पण आहे खाली."

किसनरावही हसले. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला गेलीच. त्या संध्याकाळी त्यांनी व्याह्यांना फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करताच सांगितलं, "चारशे रुपये किलो."

पलीकडून सूर्यभानजींनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग, "कुठं भेटले?"

"भाव करता आला पाह्यजे," किसनराव म्हणाले. दाणे कच्चे होते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आकांक्षानं आधीच सांगून टाकलं असेल आणि तिकडे दोघं हसत असतील, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. रात्रभर ते कुशी बदलत राहिले.

हिवाळा सरता सरता आकांक्षा बंगळुरूहून विमानानं नागपूरला उतरली आणि तिथून थेट अमरावतीला आली. दारात बसून ती इतकी रडली की बाया तिला धरून होत्या. किसनराव मांडवात खुर्चीवर होते. आपल्या वेळी ही एवढी रडेल का, हेच त्यांच्या मनात होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती, पण ते मनातून जाईना.

सूर्यभानजी मास्तर २०२४ च्या फेब्रुवारीत, माघ महिन्यात, अमरावतीच्या राहत्या घरी वारले.