उतारावरची मोगरी

मित्रांनो, रथ ओढणारे हात तुम्ही पाहिले असतील. तो रथ आवरते ती मी. बाभळीच्या लाकडाची, लांब दांड्याची पाचर. मला मोगरी म्हणतात. रथ उताराला लागला की मला चाकापुढे सरकवतात आणि मग रथ दमाने घेतो.

मला आणि माझ्या बहिणीला एकाच खोडातून एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. ती थोरली, डाव्या चाकाची. मी धाकटी, उजव्या चाकाची. रंधा मारता मारता तो आपल्या मुलाला रथयात्रेची गोष्ट सांगे. आषाढात जगन्नाथ भाऊ बलभद्र आणि बहीण सुभद्रा यांना घेऊन मावशीच्या घरी निघतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण खरी गोम निराळी, असे तो म्हणे. जो अंथरुणाला खिळलेला आहे, ज्याला कधीकाळी देवळाच्या दारातच अडवले गेले, त्याच्यासाठी देव स्वतः उंबरठा ओलांडतो. त्याच्या रथाच्या दोराला कोणाचाही हात चालतो.

तो मुलगा मोठा होऊन सुतार झाला. मी त्याच्या हाती आले आणि थोरली त्याच्या भाऊजींच्या. बरीच वर्षे यात्रेआधी आम्हाला तेल मिळे, हळदकुंकू लागे. मग रथावर दिवे आले, कर्णे आले आणि आम्ही देवळामागच्या ओल्या खोलीत पडून राहू लागलो. थोरलीला आतून वाळवी लागली. मला ते कळत होते, सांगणार कोणाला?

यंदा यात्रेच्या तोंडावर सुताराने तिला ठोकून पाहिले. आवाज पोकळ आला. तो तसाच उठून यात्रा समितीच्या अध्यक्षांकडे गेला.

"साहेब, थोरली आतून गेलीय. नवी केल्याशिवाय रथ काढू नका."

"इतकी वर्षं टिकली, एक यात्रा आणखी ओढेल. आधी रोषणाईचं उरकू दे."

सुताराने तिच्याभोवती लोखंडी पट्टी आवळली. त्याचे मन काही थाऱ्यावर नव्हते.

यात्रेच्या दिवशी रथ उताराच्या तोंडाशी आला. समोर दोर धरून माणसे रथाकडे तोंड करून मागे मागे सरकत होती. उजव्या हाताला शिंपीण मावशी दारासमोर खाटेवर पडून होती. रथाची निशाणे वर्षानुवर्षे तिनेच शिवलेली. यंदा कमरेखाली सारे लुळे पडले होते. डावीकडे शाळेची दगडी भिंत.

रथ कलला. भाऊजींनी थोरलीला चाकापुढे सरकवले आणि ती मधोमध दुभंगली. डावे चाक मोकळे सुटले. मला उजव्या चाकाखाली सरकवावे, तर रथ उजवीकडे, थेट खाटेवर वळणार. न सरकवावे, तर तो दोर धरलेल्या माणसांवर जाणार. सुताराने मला उचलले आणि चालत्या रथाच्या पुढून तो डावीकडे धावला. मी डाव्या चाकाखाली गेले. साऱ्या रथाचा भार माझ्यावर आला, माझे अंग करकरले. मी फुटले नाही. रथ गर्रकन वळला, भिंतीवर आदळला आणि थांबला.

मात्र माझा दांडा उसळून खाली आपटला होता. त्याच्याखाली सुताराचा हात मनगटापासून चेचला गेला.

आता देवाची पाठ मावशीकडे होती. वर्षभर ती या दर्शनाची वाट पाहत होती. घाबरलेले लोक तिच्यासाठी रथ कसा वळवावा याची खलबते करू लागले.

"माझं दर्शन राहू द्या," ती म्हणाली. "आधी त्याचा हात बघा."

सुताराला दवाखान्यात नेले. मग अध्यक्षांनी उपरणे कमरेला बांधले, खाटेचा एक पाय स्वतः धरला आणि मावशीला भिंतीपाशी, देवासमोर नेले. तिने हात जोडले, पण डोळे दवाखान्याच्या रस्त्याकडेच होते.

सुताराचा हात वाचला. दोन बोटे गेली. आता नवी मोगरी झाली आहे आणि मी कोरड्या फळीवर असते. मित्रांनो, मला उदबत्ती नका ओवाळू. तुमचा भार वाहणारे लाकूड असो की माणूस, ते कुरकुरले की त्याच दिवशी ऐका. सुताराने वेळेत सांगितले होते.