नवऱ्याचं काम

शर्टाचं तिसरं बटण काही केल्या काजात जाईना. बोटं घामेजली होती, आणि कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत बाकांवर बसलेल्या बायका तोंडावर हात ठेवून आधीच हसायला लागल्या होत्या — ताई आता नवरा होणार म्हणून. आरोग्य केंद्राच्या ताईंना खेळात नवऱ्याचं काम झकास जमतं, असा तिचा लौकिक होता, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता, नाही असं नाही. शर्ट घरातला, तिच्या नवऱ्याचाच. न विचारता आणलेला... विचारण्यासारखं त्या घरात फारसं काही उरलंच नव्हतं.

खेळ साधा होता. बायको झालेलीने म्हणायचं, कंडोम वापरल्याशिवाय नाही. नवऱ्याने थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग ऐकायचं. बाईला जिंकू द्या, तिला धीर येतो — असं प्रशिक्षणात सांगितलेलं.

पण आज बायको व्हायला उठली ती लेबलं चिकटवणारी पोरगी, आणि ताई धास्तावली. ताई आल्या आल्या तिला नळापाशी गाठून पोरीने सगळं सांगितलं होतं. नवरा पुलाच्या कामावरून आज संध्याकाळी घरी येतोय, कित्येक महिन्यांनी. तिथे त्याच्या खोलीतल्या सोबत्याला एचआयव्ही निघाला, आणि सुट्टीच्या दिवशी दोघं जायचे ते एकाच बाईच्या दारी. तपासणीचं नाव काढलं की हा फोन ठेवून देतो. "म्हणून काय बोलायचं ते नीट शिकवा, ताई. शब्द चुकायला नको." जणू नेमका शब्द सापडला की माणूस ऐकतोच!

"अहो," पोरगी म्हणाली, आणि बाकांवर खसखस पिकली. "आज ते वापरल्याशिवाय नाही."

"का? माझ्यावर भरवसा नाही?" ताईने आवाज जाड केला.

"भरवसा आहे हो. दोघांच्या जिवासाठी म्हणते."

"फार शिकलीस की!"

पुन्हा हशा. पोरगी पाठ करून आली होती, कुठे अडखळत नव्हती. आता ऐकायचं. बरं बाई, तुझंच खरं — एवढं म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या... पण तोंडातून निघालं ते निराळंच, आणि हळू, अगदी मायेने, तिचा स्वतःचा नवरा एकदा म्हणाला होता तसं — तिने रात्री फक्त अंगात ताप आहे म्हटलं होतं तेव्हा —

"बरं. नको तर नको. उद्या तुझ्या भावाला बोलावून घेतो. घेऊन जा म्हणतो बहिणीला."

कोणी हसलं नाही. भाऊ किती दिवस ठेवून घेईल, याचा हिशेब तिथली प्रत्येक बाई आपापल्या भावापुरता मनातल्या मनात करत होती.

"मग यावर काय म्हणायचं, ताई?" पोरीने विचारलं.

काय म्हणायचं? जोडीदाराशी मोकळेपणाने बोला, असं भिंतीवरच्या चित्राखाली लिहिलं होतं. चित्रातला नवरा हसत होता. मी काय सांगू हिला... आणि ताई मोठ्याने हसली, "बरं बाई, तुझंच खरं!" म्हणाली, आणि सुटल्यासारख्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भोंगा वाजला. बायका डबे उचलून गेल्या. पोरगी मात्र दारातच घुटमळली. ताईने तिच्या मुठीत कंडोमची पाकिटं कोंबली, ती तिने निमूट घेतली.

"तुम्ही घरी कसं म्हणता?" तिने विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात. खरंच हवं होतं तिला.

ताईने तोंड उघडलं. नवऱ्याची सगळी उत्तरं तिला तोंडपाठ होती, एकेक हेल, एकेक उसासा. बायकोचं ते वाक्य मात्र तिने आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं, अशा खेळातसुद्धा नाही. आणि तिचा नवराही तर आठवडे आठवडे बाहेर असतो... इतका वेळ ती या पोरीसाठी घाबरत होती. आता भीती कुणासाठी आहे तेच तिला वेगळं करता येईना.

पोरगी थांबली होती — ताई बोलली की लगेच मागून म्हणता यावं, म्हणून ओठ तयार ठेवून.