तव्यावरचा पांढरा तुकडा

चिमट्यात धरलेला तो पांढरा तुकडा – रुपयाएवढा, आठ भोकांचा, रेडिओच्या व्हॉल्व्हची बैठक – तव्यावर ठेवून जैनुद्दीन त्याची कड पिवळी पडते का ते पाहत होता, तेवढ्यात दारात मुसा उभा राहिला. बायकोचा, शरीफाचा, भाऊ. मालगुंडहून अनवाणीच आलेला. "भावजी, शरीफा गेली." ...माहेरी आजारी होती, पण बरं वाटतंय म्हणून तिनंच निरोप धाडला होता. मग तवा कुणी उतरवला, तुकड्याचं काय झालं, काही आठवत नाही.

त्याला महिना झाला. आज संध्याकाळच्या बोटीनं मुंबईला उत्तर जायला हवं. रेडिओ बनवणाऱ्या शेठनं दोन प्रकारची पूड पाठवली होती – तपकिरी बेकेलाइट आणि ही पांढरी – साच्यात दाबून नमुने करा, बैठकीला कुठली घेऊ ते सांगा म्हणून. तपकिरी सोसते, ते पाहून झालं. पांढरी दिसायला बरी. पण व्हॉल्व्ह तासन्‌तास तापतो, बैठक तडकली आणि कुणी हात लावला तर... पाहिल्याशिवाय हो कसं म्हणायचं?

आणि पाहायचं म्हणजे तव्यावर. भाकऱ्या झाल्या की शरीफा विस्तव मागे ओढायची, किती ओढायचा ते तिलाच कळायचं, आणि तवा त्याच्या हवाली करायची. एकदा त्यानं घाई केली, भाकऱ्यांच्या आधीच तुकडा ठेवला. "आज भाकरीला दवाखान्याचा वास आहे, औषध म्हणून खा," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कड गेलेला जुना तवा त्याच्यासाठी वेगळा काढला.

"जैनू, विस्तव आहे अजून," चुलीपाशी बसलेली थोरली बहीण फरीदा म्हणाली. "तुझं काय ते भाजून घे."

"भाजायचं नाही. बघायचंय."

"मग बघ की! नुसते तसबीचे मणी ओढल्यासारखा काय फिरवतोस हातात?"

त्यानं नवा पांढरा तुकडा तव्यावर ठेवला. वास सुटला, आणि डोळे तुकड्यावरून दाराकडे गेले. दारात कुणी नव्हतं. पिवळा पडला, नाही पडला, एकदा कळलं की मुसा आला ती सकाळ पुरी होणार... मुसाचं वाक्य तिच्या शेवटी जाऊन बसणार. कळत नाही तोवर ते वाक्य अजून कुणी बोललेलंच नाही. त्यानं चिमट्यानं तुकडा उचलला, न बघताच पाण्यात टाकला.

"झालं?"

"नाही."

आणि त्याला राग आला, शरीफाचा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बरं वाटतंय म्हणालीस. मी ते खरं धरलं, इथं तुकडे तापवत बसलो... राग येतोय तसा येऊ दिला त्यानं. छातीत जरा जागा झाल्यासारखं वाटलं.

मांडवी बंदरावर बोटीचा भोंगा झाला. शेठला आज उत्तर जाणार नाही; पांढरी पूड ताप सोसते की नाही, ते बघायचं राहिलं आहे.