लाँड्रीतला पारा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. लोक मला बीपीचे मशीन म्हणतात. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी हळव्या आवाजात सांगतात, असे तुम्ही ऐकले असेल. मला ते जमणार नाही. माझ्या काचेच्या नळीत पारा आहे आणि आज तो चढलेला आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या नळीत पारा भरला, दंडाला बांधायचा पट्टा जोडला आणि एका मोठ्या मापकाशी माझा आकडा ताडून पाहिला. तो जुळला तेव्हाच तिने झाकण लावले. "जा आता, आणि खरं तेच सांग," ती पुटपुटली. प्रत्येकाला ती तेच सांगत असणार. मी मात्र ते मनावर घेतले.

मला एका मोठ्या लाँड्रीत आणले. तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतल्या जात. एका बाजूला गडगडणारी धुलाईयंत्रे, मधे वाफ सोडणारे इस्त्रीचे रूळ आणि पलीकडे बायकांचे घड्या घालायचे लांबलचक टेबल. कोपऱ्यात प्लायवुडची भिंत घालून कामगारांसाठी नेमलेल्या सिस्टरची खोली केली होती. मी तिच्या टेबलावर राहू लागलो.

सिस्टर शिस्तीची होती. "पाय जमिनीवर, पाठ टेकवा आणि तोंड बंद. गप्पा मारल्या की आकडा वाढतो," असे सांगून आधी ती माणसाला स्वस्थ बसवायची, मगच पट्टा बांधायची. दरवर्षी तपासणीला येईल त्याचा दाब, साखर आणि वजन ती बघायची. दवाखान्यांच्या चादरींत कधी वापरलेली सुई राहून जायची, म्हणून ती सगळ्यांना काविळीची लस टोचायची. धिप्पाड बाप्ये "लस म्हणजे पोराटोरांचं काम" म्हणत सटकायचे. "चादरीतली सुई काय तुमचं वय विचारून टोचणार आहे?" असे ओरडत ती त्यांच्या मागे धावायची. एका तरुण ड्रायव्हरचा दाब मी वेळेत दाखवला. त्याने मुकाट्याने गोळ्या सुरू केल्या आणि पुढे नातवंडे खेळवली. ते माझे सुखाचे दिवस होते.

इस्त्रीच्या रुळावर एक कामगार होता. दोघांनी उचलायचा ओल्या चादरींचा गठ्ठा तो एकटा उचलायचा, म्हणून सगळे त्याला 'इंजिन' म्हणत. त्याची बायको पलीकडे घड्या घालायची. स्वभावाने दिलदार माणूस. कुणाचे काम मागे पडले की आपले टाकून तिकडे धावायचा. मित्रांनो, तो वाईट असता तर मला एवढा राग आलाच नसता.

तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसला तेव्हा ऐन पस्तिशीत होता. आकडा एकशे सत्तरच्या पुढे निघाला. सिस्टरने थांबून पुन्हा मोजले, दुसऱ्या हातावर मोजले, पुढच्या आठवड्यात बोलावून परत मोजले. मी प्रत्येक वेळी तेच सांगितले.

"डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू करावी लागेल," सिस्टर म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. बिघडलंय ते तुमचं मशीन!"

"दुखत नाही म्हणूनच मोजायचं असतं. दुखायला लागल्यावर मी काय मोजू?"

तो हसत उठला आणि चहाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना सांगितले, "त्या डबड्यात हात घातला की धडधाकट माणूस रोगी होऊन बाहेर येतो!" लोक खो-खो हसले. तेव्हापासून माझे नाव 'रोग्यांचा कारखाना' पडले. सिस्टरने मला दुरुस्तीवाल्याकडे पाठवून तपासून घेतले. माझ्यात तसूभर खोट निघाली नाही. पण ते ऐकायला होते कोण? लोकांना हसायला आवडते आणि इंजिनचे विनोद चांगले असत. हळूहळू तपासणीच्या दिवशी खुर्ची रिकामी राहू लागली.

एकदा त्याच्या बायकोने सिस्टरला गळ घातली, "तुम्हीच चला मशीन घेऊन. तुमच्यासमोर नाही म्हणायचे नाहीत." सिस्टर मला घेऊन थेट रुळापाशी गेली.

"बाही वर करा. दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

"सगळ्यांदेखत मला आजारी पाडताय का?" इंजिन हसला.

"अहो, पोरगी अजून शाळेत आहे," बायको कळवळून म्हणाली. "तिच्यासाठी तरी करा."

त्याचे हसू मावळले. "पोरीचा बाप अजून जिवंत आहे! कामाला लाग."

ती मान खाली घालून टेबलाकडे गेली. आसपासच्या माणसांनी चादरींत तोंडे लपवली. "अरे, बस की दोन मिनिटं!" एवढे एक वाक्य कुणाच्याही तोंडून निघाले नाही. मित्रांनो, त्या इंजिनपेक्षा मला त्या गप्प तोंडांचा जास्त राग येतो.

नवा मॅनेजर आला. रिकामी खुर्ची बघून म्हणाला, "कुणी येतच नाही तर सिस्टर हवी कशाला?" झाले! सिस्टर गेली. तिच्या खोलीत स्टार्चची पोती रचली आणि मला त्यांच्यामागे कोंबले. माझा हवा भरायचा रबरी फुगा फाटक्या चादरी शिवायच्या यंत्रातला कचरा फुंकायला कुणीतरी काढून नेला. मी खरे सांगायला जन्मलो होतो आणि धूळ खात पडलो होतो. बाहेर इंजिनचा आवाज रोज ऐकू यायचा. त्याच्या रक्तवाहिन्यांवर आतून काय ताण पडत असेल, ते मला कळत होते. ओरडायला मला तोंड नव्हते.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी तो आवाज अर्ध्या वाक्यात तुटला. त्याच्या हातातली चादर गळून पडली, तोंड वाकडे झाले आणि तो रुळाशेजारी कोसळला. "पाणी मारा!" "हवा येऊ द्या!" "बीपीचं मशीन कुठंय?" एकच गलका झाला. पोती उपसून मला बाहेर काढले, तर फुगाच नाही! ज्यांनी मला हसून बाजूला सारले तेच आता मला शिव्या घालत होते.

"ठेवा ते मशीन!" त्याची बायको किंचाळली. "आता मोजून काय करताय? गाडी बोलवा!"

तो वाचला. पण उजवा हात कायमचा लुळा पडला आणि वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला, 'नाही'. पाणी हवे असले तरी तो 'नाही' म्हणतो. मुलगी भेटायला आली की तिचा हात घट्ट धरतो आणि 'नाही, नाही' म्हणत रडतो.

महिनाभराने त्याची बायको कामावर आली आणि घड्या घालायच्या सोडून मॅनेजरच्या दारात उभी राहिली.

"सिस्टरला परत आणा."

"बाई, मी तुमचं दुःख समजू शकतो, पण..."

"माझं दुःख नका समजू. सिस्टर आणा."

तिच्या मागे एकेक करून टेबलावरच्या सगळ्या बायका येऊन उभ्या राहिल्या. रुळावर चादरींचा डोंगर साचला, तेव्हा मॅनेजरला समजले.

सिस्टर परत आली, पोती हलली, मला नवा फुगा मिळाला. पहिल्या दिवशी सर्वांत आधी इंजिनची बायकोच खुर्चीत बसली. सिस्टरने हवा सोडली तसा पारा उतरू लागला आणि आकडा एकशे साठच्या वर निघाला. सिस्टरने थांबून पुन्हा मोजले. तेवढाच.

"याआधी कधी मोजलं होतं?"

तिने आठवून पाहिले. "माझं? माझं कुणी मोजलंच नाही. मीसुद्धा कधी येऊन बसले नाही." मग ती एकदम उसळली, "इतकी वर्षं त्यांच्या मागे लागले मी! आणि एकानेही मला विचारलं नाही, की बाई, तुझं काय?"

हा राग माझ्या पाऱ्यापेक्षा खरा होता. सिस्टरने दारातून रांगेकडे पाहिले. रांग लांब होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या पाऱ्याच्या मशीनांचे दिवस आता संपले. नवी, बटणाची मशीने आली आहेत. त्याचे मला दुःख नाही. त्यांच्यासमोर तरी बसा! दुखण्याची वाट बघू नका. स्वतः बसा आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या माणसाला तुमच्याही आधी बसवा.